सामाईक घर

डोंबिवलीतल्या माणसाला बहुधा दोन घरं असतात. एक दोन खोल्यांचं, ज्यात तो राहतो. दुसरं कोकणातलं, ज्यावरून तो भांडतो. पहिल्याचे हप्ते बँकेत भरायचे, दुसऱ्याचे भाऊबंदकीत.

मी बँकेतला कारकून, त्यामुळे भागाकाराला भीत नाही. पणजोबांना चार मुलगे, त्या प्रत्येकाला चार, पुन्हा त्यांना चार-चार धरले, तर माझा हिस्सा चौसष्टावा. म्हणजे पडवीतल्या झोपाळ्याची एखादी फळी! तेवढ्या फळीसाठी माणूस गणपतीत कोकण रेल्वेच्या डब्यात एका पायावर उभा राहून जातो.

या हिशेबात मुली धरल्याच नाहीत, हे आलं का तुमच्या लक्षात? घरोघरी असंच होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला खरा; पण त्यातलंच तेविसावं कलम सांगे की, राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मनावर घेतल्याशिवाय तिला मागता येणार नाही. हक्क तिचा, किल्ली भावाच्या जानव्याला! हे कलम गेलं २००५ साली. त्याच वेळी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तोवर कित्येकींनी एका जरीच्या साडीवर हक्कसोडपत्रं लिहून दिली होती.

आमची आत्या अजून विचारते, "मे महिन्यात चार दिवस गेले तर चालेल ना रे?" जिने त्या अंगणात वर्षानुवर्षं सडा घातला तिने परवानगी मागायची, आणि ज्याला विहीर कुठल्या अंगाला आहे हेही आठवत नाही त्याने ती द्यायची!

मग घर कोणाचं? सातबाऱ्यावर नाव असेल त्याचं, की हात लावील त्याचं? दुसरं खरं मानलं, तर रोज तुळशीपुढे दिवा लावणारा गडी पासष्टावा वारस ठरतो, आणि आम्ही चौसष्ट जण पाहुणे. घर विकायला चौसष्ट सह्या लागतात. शाकारणी करून घ्यायला एक माणूस पुरतो, पण तो चौसष्टांत सापडत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की, हिश्शांची यादी करण्याआधी शाकारणीच्या वर्गणीची करावी. आत्याकडे मात्र वर्गणी मागू नये. तिच्या खात्यावर जुनी शिल्लक आहे.