सागाच्या पोटातली खतावणी

सज्जनहो, ढाणकी-उमरखेडकडच्या माळकरी मंडळींना साग ओळखून द्यायला नको. पैनगंगेच्या अभयारण्यात रान मुख्यत्वे सागाचेच. पण तोडलेल्या सागाच्या खुंटावर एकात एक अशी जी गोल कडी दिसतात, त्यांचा अर्थ काय, हे आज आम्ही येथे मांडू इच्छितो.

साग उन्हाळ्यात पाने गाळतो, वाढ थांबवतो. पावसाळा लागला, जमीन भिजली, की सालीखाली नव्या लाकडाचा थर चढू लागतो. या थराच्या आरंभी मोठाली छिद्रे असतात, पुढचे लाकूड घट्ट असते; म्हणून एका वर्षाचे कडे दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येते. पाऊसपाणी बरे झाले तर कडे बहुधा रुंद, पावसाने ओढ दिली तर अरुंद. वाण्याच्या खतावणीसारखा हा वर्षावर्षाचा जमाखर्च झाड पोटात लिहून ठेवते.

ही खतावणी वाचण्याची एक विद्याच आहे. अमेरिकेतील डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने ती नावारूपाला आणली व १९३७ साली ॲरिझोना विद्यापीठात तिची प्रयोगशाळा निघाली. झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने सालीपासून गाभ्यापर्यंत पेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची कांडी काढतात आणि तिच्यावरची कडी मोजतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील हेमंत बोरगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील जुन्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची माळ जुळवली व ती २०१० साली प्रसिद्ध केली. म्हणजे एकनाथ महाराजांच्या जन्माच्याही आधीपासूनचे पाऊसमान त्या लाकडात नोंदलेले! प्रशांत महासागराचे पाणी तापून आपला पाऊस रोडावतो, त्याला एल निनो म्हणतात. त्या दुष्काळी वर्षांच्या खुणाही त्या कड्यांत सापडल्या.

मात्र एकट्या झाडाची साक्ष शास्त्रज्ञ धरीत नाहीत. एखाद्याला कीड लागलेली असते, एखाद्याला वणव्याची झळ, एखाद्यावर शेजाऱ्याची सावली. अनेक झाडांची कडी शेजारी शेजारी लावून पाहतात; सर्वांत एकाच वर्षी कडे बारीक भरले, तरच दुष्काळ म्हणतात. दिंडीत एकाचा टाळ चुकेल, पण सगळ्यांचा मिळून ठेका चुकत नाही, तसेच हे.

आता दृष्टांत सोडून सिद्धांताकडे येऊ. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळला, १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र. ज्या सागाने असे साल सोसले, त्याने ते बारीक कडे पुसले नाही. पुढच्या पावसात त्याच्याचभोवती नवे कडे चढवले. कोणी म्हणेल, महाराज, झाडाला कर्ज नसते, लेकीचे लग्न नसते. खरे आहे बाबा! म्हणून झाडासारखा सोस, असा कोरडा उपदेश आम्ही करणार नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात नापिकीने आणि कर्जाने खचून किती कास्तकारांनी जीव दिला, हे सर्वांना ठाऊक आहे.

आमचे सांगणे शेजाऱ्याला आहे. सागाची साल बाहेरून सारखीच दिसते. यंदाचे कडे बारीक भरले की जाड, हे वरून कळत नाही. माणसाचेही तसेच. तो पोळ्याला बैल सजवतो, भजनाला येतो, हसतो, आणि आत कोरड पडलेली असते. झाडाला गिरमिट लावावे लागते, माणसाजवळ नुसते बसून "कसं चाललंय रे बापू? पऱ्हाटीचं काय झालं?" एवढे विचारले तरी तो उघडतो. मग त्याला एकटे सोडू नका. सावकाराकडे, बँकेत, दवाखान्यात, जेथे जायचे तेथे दोघांनी जा. आणि ज्याचे साल बुडाले त्यानेही लाज धरू नये. कमी पाऊस झाला, कडे बारीक भरले. त्यात झाडाचा दोष कोणता?

एकादशीच्या भजनाला कोण आले हे आपण पाहतोच. यापुढे कोण आले नाही, हेही पाहावे, आणि उठून त्याच्या घरी जावे. माळेचा मणी मण्याला धरून असतो, तो यासाठीच.

रामकृष्ण हरि.