टाके कोणाचे?

गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आणि आजीची खोली रिकामी करायची वेळ आली. न्यायचं काय, देऊन टाकायचं काय, भंगारात काय, असं वाटप चालू होतं. दारावरची फ्रेम उतरवली. काचेआड कॅनव्हासवर लोकरीनं भरलेला गुलाबांचा गुच्छ. आजीनं लग्नाआधी भरलेला.

मामेभाऊ म्हणाला, “यात तिचं काय आहे? नमुना बघून भरलंय. नुसती कॉपी.”

मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण तो पूर्ण चुकीचं बोलत नव्हता.

या कामाचं मूळ बर्लिनमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले प्रकाशक चौकटीच्या कागदावर फुलांचे नमुने काढू लागले. चौकटी छापील, रंग मात्र हातानं भरलेले. प्रत्येक इवल्या चौकोनात कुंचल्याचा एक ठिपका. एक चौकोन म्हणजे एक टाका. चित्र काढता येत नसलं तरी मोजता आलं की गुलाब उमलायचा. इंग्लंडात या कामाची लाट आली, आणि पुढे त्यावर टीकाही झाली, की चौकोन मोजणं ही काही कला नव्हे. म्हणजे मामेभावाचा मुद्दा दीडशे वर्षं जुना आहे.

पण त्या नमुन्यांवर नाव असायचं प्रकाशकाचं. रंग भरणाऱ्या हातांचं नाही. आपल्याकडेही तेच. १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. तिथली चित्रं दगडावर उतरवणारे कारागीर, घरी त्या देवींच्या साड्यांवर जर आणि टिकल्या चढवणाऱ्या बायका, यांची नावं कोण विचारतं? ‘मूळ कल्पना कोणाची’ हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा छापलेल्या नावापाशीच थांबतं.

मग आजीच्या चिकाटीचं कौतुक करून मोकळं व्हावं? मी कडेचे टाके मोजले: १५० आडवे, १२० उभे. म्हणजे १८,००० टाके. मिनिटाला सहा धरले तरी पन्नास तास. पण बायकांच्या चिकाटीचं कौतुक ही सोयीची गोष्ट आहे. तुला स्वतःचं चित्र काढायचंय का, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

शेवटी आजीलाच विचारलं. ती म्हणाली, “गुलाब माझा कुठला? पुस्तकातला तो. पण ही पाकळी बघ. गुलाबी लोकर संपली, तशी दुसरी मिळेना. आई म्हणाली, उसव. मी नाही उसवलं. जांभळट होती ती लावली.”

मामेभाऊ म्हणाला, “बघ, एवढी एक पाकळी तिची.”

इथे मला उत्तर सापडलं. ती पाकळी नसती तरी काम तिचंच होतं. मोजणी चुकली की टाका उसवायचा की तसाच पुढे रेटायचा, हे कोणी बघत नसताना दर वेळी तिनंच ठरवलं होतं. नमुना काय करायचं ते सांगतो. ते नीट करायचं की नाही, हे करणाराच ठरवतो. कल्पना दुसऱ्याची असली तरी सचोटी उसनी आणता येत नाही.

फ्रेमच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं: नमुना पुस्तकातला, टाके... आणि थांबले.

“आजी, नाव कुठलं लिहू? माहेरचं की सासरचं?”

“माहेरचं लिही,” ती म्हणाली. “तेव्हा मी तीच होते.”