दोर आणि कासरा

अमेरिकेत स्टीअर रोपिंग नावाचा खेळ आहे. भरधाव घोड्यावरून बैलाच्या शिंगांत फास टाकायचा, त्याला जमिनीवर लोळवायचं आणि उडी मारून त्याचे तीन पाय बांधायचे. गाय ॲलन हे यात 18 वेळा जगज्जेते ठरले. मला मात्र नवल वाटतं ते घोड्याचं. स्वार खाली उतरला, की दोर ताणून धरायचं काम तो एकटा करतो. किताब स्वाराचा!

इथे नेमावरला, नर्मदाकाठी, सिद्धनाथाच्या देवळाच्या आसपास असा फास कोणी टाकत नाही. इथला बैल वेसण आणि कासऱ्याने चालतो. या खोऱ्यातल्या निमाडी जातीत गीर आणि खिलार दोन्हींचं रक्त असल्याचं जाणकार मानतात. तोच खिलार महाराष्ट्रात शर्यतीत धावतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती रोखल्या. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला. बैलाला वेदना होऊ नयेत, ही त्यातली अट. ती पाळली की नाही, हे बक्षीस वाटणाऱ्यांनी आधी बैलाची पाठ बघून ठरवावं.