एक नाव, हजार पूर्वज

माझ्या सासरच्या घराण्यात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपण ह्यूगेनॉट आहोत, धर्मासाठी फ्रान्स सोडून लंडनला आलेल्या रेशीम विणकरांचे वंशज आहोत, आणि आपल्या माणसांनी राजापुढे मान वाकवली नाही. घरात आज कुणाला फ्रेंच येत नाही. नेमाने चर्चला जाणारंही कुणी उरलेलं नाही. आडनाव तर दोन शतकांपूर्वीच इंग्रजी वळणाचं झालं. तरी ती गोष्ट टिकून आहे. आमच्या मुलीच्या हाती ती नुसती ऐकीव म्हणून न देता कागदोपत्री पडताळून द्यावी, या हेतूने नवऱ्याने आणि मी जुन्या नोंदी वाचायला घेतल्या. गोष्ट बऱ्याच अंशी खरी निघाली. पण सासूबाई सांगत होत्या त्यापेक्षा ती पुष्कळ रुंद आणि पचायला अवघड आहे.

ह्यूगेनॉट म्हणजे फ्रान्समधले कॅल्व्हिनच्या पंथाचे प्रोटेस्टंट. सोळाव्या शतकात धर्मयुद्धांनी तो देश पोखरला गेला. २४ ऑगस्ट १५७२ ला, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी, पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली आणि ते लोण इतर शहरांत पोचलं. पुढे चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतचा आदेश काढून त्यांना उपासनेचं मर्यादित स्वातंत्र्य दिलं. चौदाव्या लुईने ऑक्टोबर १६८५ मध्ये तो आदेश रद्द केला. प्रार्थनामंदिरं पाडायची, शाळा बंद करायच्या, मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्येच व्हायचा. धर्मोपदेशकांनी पंधरा दिवसांत धर्म सोडावा नाहीतर देश सोडावा. बाकीच्यांना मात्र देश सोडायलाही मनाई. पळताना सापडलेल्या पुरुषाला राजाच्या जहाजांवर साखळदंडात वल्ही मारायची शिक्षा, बाईला कैद.

छळाची एक रीत तर त्याच्याही आधी, १६८१ मध्ये, प्वातू प्रांतात सुरू झाली होती. प्रोटेस्टंटांच्या घरात घोडदळाचे शिपाई मुक्कामाला घालायचे. त्यांना खाऊपिऊ घालायचं ते घरच्यांनीच. धर्म सोडल्याच्या कागदावर सही होईपर्यंत शिपाई हलत नसत. माझ्या सासरचे लोक या प्वातूतले.

नोंदी वर्तमानाकडून मागे वाचत जावं लागतं. इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासून आहे आणि १८४१ पासूनच्या जनगणनेत घराघरातल्या माणसांची नावं सापडतात. त्यामागे गेलं की फ्रेंच चर्चांच्या वह्या लागतात. बाप्तिस्मे, लग्नं, आणि जुन्या गावच्या चर्चकडून आणलेली दाखलापत्रं त्यांत उतरवलेली आहेत. नांतचा आदेश रद्द झाल्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १८८५ मध्ये, लंडनला ह्यूगेनॉट सोसायटी स्थापन झाली. तिने या वह्या एकामागून एक छापून काढल्या, म्हणूनच आमच्यासारख्यांना त्या वाचता आल्या.

त्या वाचताना एका गोष्टीचं मला फार अप्रूप वाटलं. फ्रेंच नोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने येते. मूल अमक्याचं आणि अमकीचं, आणि ती अमकी तिच्या स्वतःच्या पूर्ण नावानिशी. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत लेक बहुधा एका ओळीत येते आणि तिथेच संपते. इथे दोन बायकांची माहेरची नावं हाती लागली आणि त्यांच्यामागची दोन घराणी उलगडली. एक हॉलंडमधल्या लायडनमार्गे आलेलं, दुसरं नॉर्मंडीतलं. वडिलांकडच्या एका रेघेवर चाललेला आमचा शोध त्या बायकांनी रुंद केला.

मग ती नोंद सापडली. फ्रान्समध्ये दडपणाखाली धर्म सोडून आलेल्या माणसाला लंडनच्या फ्रेंच चर्चमध्ये पुन्हा सामील व्हायचं असेल तर सगळ्या मंडळींसमोर उभं राहून कबुली द्यावी लागे: मी सही केली, मी कॅथलिकांच्या उपासनेला, मासला गेलो, मला पश्चात्ताप होतो. अशा कबुल्यांच्या स्वतंत्र वह्या असत. सव्हॉय भागातल्या फ्रेंच चर्चची १६८४ ते १७०२ पर्यंतची अशी वही छापलेली आहे. अशाच एका वहीत आमचा मूळपुरुष भेटला. ज्याने मान वाकवली नाही असं घरात सांगत आले, त्याने ती वाकवली होती. शिपाई घरात असताना त्याने सही केली, काही काळ मासला गेला, आणि मग संधी मिळताच बायकोला घेऊन निघाला.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे तो घाबरला होता.’’ हो, घाबरला होता. ज्यांच्या घरात हत्यारबंद माणसं जेवत होती त्यांनी घाबरू नये अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करायची? आणि त्यानंतर परक्या शहरात, शंभर लोकांपुढे, आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायला जे धैर्य लागतं ते लहान नाही. मला तो पूर्वज त्या दिवसापासून अधिक जवळचा वाटू लागला. कधीच न वाकलेल्या माणसाची पूजा करता येते. वाकून पुन्हा उभा राहिलेला माणूस वाट दाखवतो.

आणि जे निघालेच नाहीत त्यांचं काय? त्या काळी फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट सात-आठ लाखांच्या आसपास होते. देश सोडू शकले ते दीड ते दोन लाख. म्हणजे बहुसंख्य मागेच राहिले. नावाला कॅथलिक झाले, आणि डोंगरदऱ्यांत चोरून प्रार्थनेला जमू लागले. कॅथलिक पाद्र्याविना झालेली त्यांची लग्नं कायदा मानत नसे, त्यांची मुलं अनौरस ठरत. हे १७८७ पर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं चाललं. मारी द्युरां ही त्यांतलीच. तिचा भाऊ चोरून धर्मोपदेश करत होता, म्हणून १७३० मध्ये तिला एग-मोर्तच्या मनोऱ्यात डांबलं. ती सुटली १७६८ मध्ये, अडतीस वर्षांनी. ‘धर्म सोडते’ एवढं म्हणाली असती तर तिला जाऊ दिलं असतं. त्या मनोऱ्याच्या दगडात ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे. तो तिनेच कोरला असं मानतात. सेव्हेन डोंगरांतल्या संग्रहालयात वल्ह्यांना जुंपलेल्या माणसांची नावं लावलेली आहेत. ती वाचत जाताना माणूस थकतो आणि यादी संपत नाही. आमच्या मूळपुरुषाची बहीणही मागे राहिली. कॅथलिक चर्चच्या वहीत तिचं लग्न आहे, मुलांचे बाप्तिस्मे आहेत. तिच्या मनात काय होतं हे कोणत्याच वहीत लिहिलेलं नाही. पण घरच्या गोष्टीतून ती साफ गळून गेली होती, कारण निघून गेलेल्यांनीच ती गोष्ट सांगितली.

इथे मला माझं स्वतःचं घराणं दिसू लागलं. आम्ही मूळचे गोव्यातल्या साष्टीतले. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लोक देव घेऊन रातोरात नदीपार झाले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. तो फोंड्याचा भाग तेव्हा आदिलशहाच्या ताब्यात होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय बसलं. घरी मी लहानपणापासून नदीपार गेलेल्यांचीच गोष्ट ऐकली. पण साष्टीत राहिले तेही आमचेच होते. जमीन, म्हातारे आईबाप, भीती, किंवा खरीखुरी श्रद्धा, कारण काहीही असेल, ते ख्रिस्ती झाले. आपलं जुनं आडनाव प्रभू की कामत हे आजही सांगणारी कॅथलिक घरं गोव्यात आहेत. फ्रान्समधली ती बहीण वाचल्यावर मला ही माणसं दूरची वाटेनाशी झाली. जाणारे आणि राहणारे यांच्यात शूर आणि भित्रे अशी वाटणी करायचा अधिकार चारशे वर्षांनंतर सुखात बसलेल्या आपल्याला नाही.

निघालेले लोक कुठे कुठे गेले हे पाहू लागलं की नकाशा अपुरा पडतो. ब्रँडेनबुर्गच्या फ्रेडरिक विल्यमने १६८५ मध्येच पॉट्सडॅमचा आदेश काढून त्यांना बोलावलं. वीसेक हजार लोक त्याच्या राज्यात गेले. १७०० च्या सुमारास बर्लिनमधला दर पाचवा माणूस फ्रेंच होता. इंग्लंडमध्ये पन्नास हजारांच्या आसपास आले. काही अमेरिकेत गेले आणि न्यू रोशेलसारखी गावं वसवली. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून १६८८ च्या सुमारास दोनशेच्या आतबाहेर माणसं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला उतरली. दोन-तीन पिढ्यांत तिथली फ्रेंच भाषा गेली, आडनावं राहिली. आपण क्रिकेटमुळे ती रोज उच्चारतो: डिव्हिलियर्स, डू प्लेसी, क्रोनिए. ऑस्ट्रेलियाकडून खेळणारा, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला लाबुशेनही त्याच ओळीतला.

आमची एक शाखा केपला गेली. तिच्या मागे लागल्यावर फ्रान्सहून आलेल्यांइतकीच दुसऱ्या लोकांची नावं समोर आली. केपमधली शेतं आणि द्राक्षमळे गुलामांच्या कष्टावर उभे होते, आणि त्या गुलामांत बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेली माणसं होती. त्यांना आडनाव नसे. नावापुढे ज्या मुलखातून आणलं त्याचं नाव लावत. बंगालची आंजेला सतराव्या शतकात केपच्या डच सेनापतीच्या घरी गुलाम होती. १६६६ मध्ये ती मुक्त झाली, पुढे एका युरोपीय वसाहतकाराशी तिचं लग्न झालं, आणि आज दक्षिण आफ्रिकेतली असंख्य गोरी कुटुंबं वंशावळ काढताना तिच्यापाशी पोचतात. स्वतः छळ सोसून आलेल्या लोकांनी दुसऱ्यांना मालमत्ता म्हणून बाळगलं हे सत्य त्याच कागदांवर आहे. अभिमानाची पानं ठेवून ही पानं गाळता येत नाहीत.

लंडनच्या स्पिटलफिल्ड्समध्येही तसंच. रेशमाच्या मागांवर तिथल्या फ्रेंच विणकरांनी नाव कमावलं. पण हिंदुस्थानातून येणाऱ्या छापील सुती कापडाने लंडनच्या बायकांना मोहात पाडलं, तेव्हा त्या वस्तीतले विणकर खवळले. १६९७ मध्ये जमावाने ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीवर हल्ला केला. १७१९ मध्ये सुती झगे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे रस्त्यात फाडले गेले. १७२१ च्या कायद्याने बहुतेक सुती कापड वापरायलाच बंदी आली. त्यांची पोटाची भीती खरी होती. पण आपल्या किनाऱ्यावरच्या विणकरांचंही पोट त्याच कापडावर होतं.

त्याच भागात ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ मध्ये ती ह्यूगेनॉटांचं प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. पुढे तिथे मेथडिस्ट आले. १८९८ मध्ये पूर्व युरोपातून पळून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग तिथे झालं आणि १९७६ पासून ती मशीद आहे, मुख्यतः बांगलादेशातून आलेल्यांची. मुलीला वंशावळ समजावताना आम्ही तिला तिथे नेलं. तिथे घराण्याचं एकही नाव लिहिलेलं नाही, तरी आमच्या कागदांचा अर्थ तिला तिथेच अधिक कळला असं मला वाटतं.

आता गणिताकडे. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, अशी दर पिढीला संख्या दुप्पट होते. १६८५ पासून आमच्या मुलीपर्यंत दहा-अकरा पिढ्या झाल्या. दहाव्या पिढीत वंशावळीच्या १,०२४ जागा असतात. तेच पूर्वज अनेक जागी पुन्हा येतात, त्यामुळे प्रत्यक्ष माणसं काही कमी. तरी तो प्वातूचा विणकर हजारांतला एक. तिच्या त्या हजारांत केंटचे शेतमजूर आहेत, साष्टीतले भाटकार म्हणजे जमीनदार आहेत, आणि नोंदींत न आलेल्या कितीतरी बायका आहेत. ‘आम्ही ह्यूगेनॉट’ असं म्हणतो तेव्हा आपण हजारांतून एकाला उचलतो. रक्ताच्या हिशेबाने बाकीच्यांचा हक्क तेवढाच आहे.

मग त्यालाच का निवडायचं? माझं उत्तर आता ठरलेलं आहे. त्याने जे सोसलं आणि त्याला जे मिळालं, त्या दोन्हींचं देणं आपल्यावर आहे म्हणून. त्याला परक्या लोकांनी आसरा दिला. सगळ्यांनी आनंदाने दिला नाही. हे लोक मजुरी पाडतात, दाटी करतात अशा तक्रारी तेव्हाही लंडनमध्ये होत्या. पण चर्चांमधून वर्गणी गोळा झाली, राहायला जागा मिळाली, काम करायची मुभा मिळाली. त्या आसऱ्यामुळे आमची मुलगी आहे. फ्रान्सने १५ डिसेंबर १७९० ला कायदा करून धर्मापायी परागंदा झालेल्यांच्या वंशजांना परत येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला, आणि तो १९४५ पर्यंत टिकला. एका राष्ट्राने अन्याय मान्य करून शतकानंतर उघडलेलं ते दार मला मोठं वाटतं. पण तोवर बहुतेकांची घरं दुसरीकडे रुजली होती, कारण दुसऱ्या कुणीतरी आधीच दार उघडलं होतं.

आजही फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या त्याच खाडीतून लहान होड्यांमधून माणसं केंटच्या किनाऱ्याला लागतात. त्यांच्याविषयी तावातावाने बोलणाऱ्यांत ह्यूगेनॉट पूर्वजांचा अभिमान बाळगणारे लोकही मी ऐकले आहेत. देशाने किती माणसं घ्यावीत, कोणत्या नियमांनी घ्यावीत, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण होडीतल्या माणसाबद्दल तुच्छतेने बोलण्याची मोकळीक या वंशावळीने आपल्याला ठेवलेली नाही. म्हणून आमच्या कुटुंबासाठी तयार केलेल्या वहीत आम्ही मूळपुरुषाच्या सहीची आणि कबुलीची नोंद ठेवली, मागे राहिलेल्या बहिणीला तिची जागा दिली, आणि केपच्या शाखेच्या पानावर तिच्या शेतांवर राबलेल्यांची सापडली तेवढी नावं उतरवली. मुलीने उद्या अभिमान बाळगावा, जरूर बाळगावा. फक्त त्या अभिमानाची किंमत काय हे तिला आमच्याकडून कळलेलं असावं.