नशिबाची जागा

नाइन-बॉलच्या सामन्यात असा प्रसंग कधी ना कधी येतोच. खेळाडू तीन नंबरचा बॉल पॉट करायला जातो. नेम चुकतो, बॉल पॉकेटच्या तोंडाशी आपटून परत फिरतो, दोन कुशनांना लागतो आणि वाटेत नऊ नंबरला धक्का देतो. तो नऊ घरंगळत भलत्याच कोपऱ्यातल्या पॉकेटात जाऊन पडतो. नियमाप्रमाणे पांढरा बॉल आधी टेबलावरच्या सर्वांत लहान नंबराला लागला होता, म्हणजे फाउल नाही. नऊ पडला, रॅक, म्हणजे तो डाव, संपला. समोरचा खेळाडू खुर्चीत बसून हे सगळं पाहतो आणि पुढच्या रॅकची वाट बघतो.

बिलियर्ड्स आणि स्नूकरवर वाढलेल्या माणसाला हे पटत नाही. आपल्याकडे अशी माणसं पुष्कळ आहेत, कारण त्या खेळांची परंपरा आपली आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. कुठल्याही खेळातले ते भारताचे पहिले विश्वविजेते. मुंबईच्या मायकेल फरेरांनी तोच मान तीनदा मिळवला. या परंपरेतून पाहिलं की पूल म्हणजे सोपं टेबल, मोठी पॉकेटं आणि नशिबाचा कारभार, असं मत चटकन होतं. मला ते अन्यायाचं वाटतं. असा नशिबाने लागलेला फटका, फ्लूक, स्नूकरमध्येही धरला जातो. चुकून पडलेल्या लाल बॉलचा एक गुण मिळतोच. फरक इतकाच की तिथे नशीब एक गुण आणि पुढचा फटका देऊन थांबतं, नाइन-बॉलमध्ये ते अख्खा रॅक उचलून देऊ शकतं. म्हणून एखाद्या खेळात नशीब किती टक्के आणि कौशल्य किती, हा हिशेब मला फारसा उपयोगी वाटत नाही. मी दोन गोष्टी पाहतो. नशीब खेळात नेमकं कुठून शिरतं? आणि शिरल्यावर समोरच्याला त्यावर काही उत्तर देता येतं की नाही?

नाइन-बॉलमध्ये ते सगळ्यात आधी ब्रेकमधून शिरतं. बॉल कसे पसरले, एखादा पडला की नाही, पडल्यावर एक नंबर उघडा आहे की दुसऱ्याआड दडलाय, यातलं बरंच काही ब्रेक करणाऱ्याच्या हाताबाहेर असतं. मग सामना न्याय्य कसा व्हायचा? जुना उपाय लांबीचा. समजा, एका खेळाडूची एक रॅक जिंकण्याची शक्यता शंभरात 55 आहे. पाचातले तीन रॅक जिंकायचे असतील, तर सामना त्याच्या हाती येण्याची शक्यता साधारण 59 होते. आधी नऊ रॅक गाठायचे असतील तर 66. आणि आधी 120 गाठायचे असतील तर 94 च्या आसपास. खेळ तोच, माणसं तीच. फक्त सामना लांबला की नशीब पातळ होत जातं. 1996 साली हाँगकाँगमध्ये एफ्रेन रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलंड यांच्यात असाच 120 रॅकपर्यंतचा सामना तीन दिवस चालला. जिंकणाऱ्याला एक लाख डॉलर. रेयेसने तो 120–117 असा जिंकला. 237 रॅकनंतर तीनचा फरक! एवढ्या लांबीत नशीब दोघांच्या वाट्याला जवळपास सारखंच आलं असणार. उरली ती दोघांची बरोबरी.

दूरचित्रवाणीला मात्र तीन दिवस परवडत नाहीत. तिथे सामने छोटे, म्हणून नशिबाचा वाटा मोठा. यावर नियम करणाऱ्यांनी जे उपाय शोधले, त्यांतला पुश-आउट मला सर्वांत विचारी वाटतो. ब्रेकनंतर लगेच येणाऱ्या एकाच फटक्यात खेळाडू ‘पुश’ असं जाहीर करून पांढरा बॉल हवा तिथे सरकवू शकतो. कुठल्या बॉलला लागला नाही, कुशनला पोचला नाही, तरी फाउल नाही. मात्र त्यानंतर समोरचा ठरवणार: ही स्थिती मी खेळतो, की तूच खेळ. म्हणजे पुश करणाऱ्याने फार सोपा फटका ठेवला तर समोरचा तो घेणार, फार अवघड ठेवला तर परत याच्याच गळ्यात टाकणार. ठेवायचा तो असा फटका, जो दुसऱ्याने नाकारावा आणि आपल्याला मात्र जमावा. त्यासाठी स्वतःचा हात ओळखावा लागतो आणि समोरच्याचाही. कुणाला लांबचे पातळ कट आवडतात, कोण बँक शॉटला कचरतो, कुणाची सेफ्टी (समोरच्याला सोपा फटका मिळू न देणारा बचावाचा फटका) आज सैल पडतेय, हे सगळं त्या एका सरकवण्यात येतं. ब्रेकच्या नशिबाने अडचणीत टाकलं होतं. नियमाने त्या अडचणीचा सौदा करून दिला.

पूर्वी तर हा पुश-आउट कोणत्याही वेळी करता यायचा. बॉल दुसऱ्याआड अडकला की ‘पुश’ म्हणायचं आणि बाहेर पडायचं. नंतर तो फक्त ब्रेकनंतरच्या फटक्यापुरता राहिला आणि प्रत्येक फाउलला ‘बॉल इन हँड’ आला, म्हणजे समोरच्याने पांढरा बॉल टेबलावर कुठेही ठेवून खेळावं. जुन्या खेळाडूंना हा बदल नशीब वाढवणारा वाटला, आणि ते एका अर्थी खरंच होतं: समोरच्याचा नेम चुकून पांढरा बॉल चुकूनच आडोशाला जाऊन थांबला, तरी आता तुमची सुटका नाही. पण त्याच सक्तीतून किक शॉटची विद्या वाढली. आधी कुशनवर मारायचं आणि तिथून उलटून दडलेला बॉल गाठायचा. नुसता गाठायचा नाही, त्याच्या कुठल्या बाजूला किती वेगाने लागायचं हेही ठरवायचं.

1995 साली रेनोमधल्या स्पर्धेत स्ट्रिकलंडने सेफ्टी खेळून रेयेसला पाच नंबरपासून पुरतं तोडलं होतं. रेयेसने पांढरा बॉल दोन कुशनांवरून ‘झेड’ आकारात फिरवला, पाच नंबरला गाठलं आणि तो पॉटही झाला. हा फटका आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात आणि वाद घालतात: त्याला पॉट करायचाच होता का? माझ्या मते वाद चुकीच्या जागी चालतो. बॉल अमुक बाजूने, अमुक वेगाने गाठला तर पॉकेटाची शक्यता उघडी राहते, आणि पॉट झाला नाही तरी पांढरा बॉल बऱ्या जागी थांबतो, एवढं त्याने नक्की पाहिलं असणार. रेयेसच्या फिलिपीन्समध्ये पंधराही बॉल नंबरांच्या क्रमाने पाडायचा रोटेशन हा खेळ घट्ट रुजलेला आहे. त्यात माणूस सतत आडोशात सापडतो आणि किकची सवय हातात भिनते. नशीब त्या दिवशी आलं, पण रेयेसने दार उघडं ठेवलेल्या वाटेनेच आलं.

टेन-बॉलमध्ये बॉल आणि पॉकेट आधी सांगावं लागतं. न सांगितलेला पडला तर पुढे खेळायचं की पहिल्यालाच खेळायला लावायचं, हे समोरचा ठरवतो. सुरुवातीला सांगितलेला तो नऊ नंबरचा फ्लूक इथे रॅक जिंकून देत नाही. हा चांगला नियम आहे, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

एट-बॉलबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तो सगळ्यांना येतो असं सगळ्यांना वाटतं. आपल्या घरोघरच्या कॅरमशी ताडून पाहिलं तर त्याचं मर्म लवकर कळतं. कॅरममध्ये ब्रेक करणाऱ्याच्या पांढऱ्या सोंगट्या, दुसऱ्याच्या काळ्या, प्रश्नच नाही. एट-बॉलमध्ये ब्रेकनंतर टेबल खुलं असतं. भरीव सात घ्यायचे की पट्ट्यांचे सात, हे पहिला पॉट करणारा आपल्या डोळ्यांनी टेबल वाचून ठरवतो. नवखा माणूस ज्या गटातले बॉल पॉकेटांजवळ आहेत तो घेतो. जाणता खेळाडू आधी अडचणी मोजतो: कुठल्या गटाचे बॉल एकमेकांना चिकटलेत, कुशनला कोण टेकलाय, आणि शेवटी आठ नंबरवर येण्यासाठी सोयीचा बॉल कुठल्या गटात आहे. सगळ्यात मोठी चूक होते ती सहा बॉल झपाझप पाडून सातव्यावर अडकण्यात. आता तुमचे बॉल टेबलावरून गेले, समोरच्याच्या वाटेतले अडथळे गेले, आणि त्याचे सातही तुमच्या वाटेत उभे. कौशल्य दाखवण्याच्या भरात डावपेच हरवला तर काय होतं, याचं याहून लख्ख उदाहरण पूलमध्ये नाही. शेवटचा अडकलेला बॉल सुटेपर्यंत सोपे बॉल मुद्दाम ठेवून सेफ्टी खेळत राहायला मोठा संयम लागतो.

मग नशीब जवळजवळ काढूनच टाकलं तर? तसा खेळ आहे: स्ट्रेट पूल. कुठलाही बॉल, कुठलंही पॉकेट, पण आधी सांगून. प्रत्येकी एक गुण. चौदा पाडायचे, पंधरावा ठेवायचा, चौदांचा रॅक पुन्हा लावायचा, आणि पंधरावा पाडता पाडता पांढऱ्या बॉलने तो नवा रॅक फोडायचा. विली मोस्कोनीने 1954 साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये न चुकता सलग 526 बॉल पाडले. तो आकडा दशकानुदशकं टिकला. 2019 मध्ये जॉन श्मिटने 626 केले, 2022 मध्ये जेसन शॉने 714. या खेळातलं सौंदर्य शेवटच्या चार-पाच बॉलांच्या क्रमात असतं. कुठला बॉल ब्रेकसाठी ठेवायचा, त्याच्या आधीचा कुठला, त्याच्यापर्यंत पांढरा बॉल जवळजवळ न हलवता कसं यायचं, हे सगळं डोक्यात आधीच मांडलेलं असतं. पण त्यात एक किंमत मोजावी लागते. समोरचा खेळाडू तासभर खुर्चीत बसतो. उत्तर द्यायला त्याच्याकडे काहीच येत नाही, ना चांगलं ना वाईट. पॉल न्यूमनच्या 1961 च्या ‘द हसलर’मध्ये स्ट्रेट पूल आहे, त्याच पात्राला घेऊन 1986 मध्ये आलेल्या ‘द कलर ऑफ मनी’त नाइन-बॉल. मधल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेचा मुख्य खेळच बदलला होता.

बिलियर्ड्सच्या इतिहासात हे याआधीही घडलं होतं, आणि जास्त तीव्रपणे. 1907 साली टॉम रीसने एका पॉकेटाच्या तोंडाशी दोन बॉल अडकवून ठेवले आणि त्यांवर कॅननमागून कॅनन (एका फटक्यात दोन्ही बॉलांना लागणं) करत काही आठवड्यांत 4,99,135 गुणांचा ब्रेक, म्हणजे एका पाळीतली सलग खेळी, केला. त्या फटक्यावर बंदी आली. 1932 साली लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने कुशनच्या कडेकडेने बारीक कॅनन करत 4,137 चा ब्रेक केला. त्याला आवरण्यासाठी ठरावीक गुणांनंतर टेबलावरची रेषा ओलांडायची सक्ती झाली. 1934 नंतर व्यावसायिक बिलियर्ड्सची जागतिक स्पर्धा 1951 पर्यंत झालीच नाही. लिंड्रमचा हात अद्भुत होता यात वाद नाही. पण अनिश्चितता इतकी कमी झाली की दुसऱ्या माणसाची गरजच उरली नाही, आणि प्रेक्षक स्नूकरकडे वळले.

नाइन-बॉलमध्येही 2001 मध्ये कोरी ड्यूएलने असंच काहीसं केलं. सगळे खेळाडू ब्रेक पूर्ण ताकदीने मारायचे. ड्यूएलच्या लक्षात आलं की रॅक घट्ट लागला असेल तर हळू मारलेल्या ब्रेकनेही कडेचा बॉल कोपऱ्यात जातो, आणि बाकीचे बॉल हव्या तशा जागी राहतात. त्या वर्षी यू.एस. ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने माइक डेव्हिसला 11–0 हरवलं. नशिबाची जी सर्वांत मोठी खिडकी होती तीच त्याने बंद करून घेतली. पुढे आयोजकांनी नियम बदलले: ब्रेकमध्ये अमुक इतके बॉल रेषेपलीकडे गेले पाहिजेत, ब्रेक ठरावीक चौकोनातूनच करायचा, एक नंबरऐवजी नऊ नंबर टेबलावरच्या ठिपक्यावर लावायचा, म्हणजे कडेचा बॉल सहज पडणार नाही. त्यावर खेळाडूंनी एक नंबर मधल्या पॉकेटात घालायची युक्ती शोधली. ड्यूएलची कल्पकता मला मनापासून आवडते, तरीही आयोजकांचं बरोबर होतं असं मी म्हणतो. पहिल्या फटक्याला काय होईल हे ठाऊक असलेल्या खेळात दुसऱ्याला विचार करायला काही राहत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत खोल वाटतो तो वन-पॉकेट. रॅकच्या बाजूचे दोन कोपरे. एक तुमचा, एक त्याचा. पंधरातले आठ बॉल आधी आपल्या कोपऱ्यात घालायचे. बाकी चार पॉकेटांत पडलेला बॉल परत टेबलावर येतो, समोरच्याच्या पॉकेटात तुमच्या हातून पडला तर गुण त्याचा, आणि फाउल झाला तर आपला एक बॉल परत द्यायचा. सरळ पॉट करून जिंकायची वाट इथे क्वचितच मिळते, म्हणून ब्रेकसुद्धा हळुवार: दोन-तीन बॉल आपल्या कोपऱ्याकडे सरकतील आणि पांढरा बॉल समोरच्याला नकोशा जागी थांबेल असा. मग दहा-दहा फटके कुणीच पॉटचा प्रयत्न करत नाही. एक जण बॉल आपल्या बाजूला ओढतो, दुसरा ते दूर ढकलतो. फ्लूक इथेही होतात, पण अनपेक्षित पडलेला बॉल एक गुण आणि पुढचा फटका देतो, आणि त्यानंतर समोरच्याला सहसा उत्तराची संधी मिळते. समोरच्याला एकच बॉल हवा असेल आणि आपल्याला पाच, तर जाणता खेळाडू त्याच्या पॉकेटाच्या आसपासचे बॉल एकेक करून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतो आणि खेळ लांबवतो. अडचण फारच वाढली तर तो मुद्दाम फाउल करून एक बॉल परत देतो, कारण त्या क्षणी एक गुण गमावणं हे वाईट फटका खेळण्यापेक्षा स्वस्त असतं. मात्र सलग तीन फाउल झाले तर डाव गेला, म्हणून तेही मोजून.

अमेरिकेत दरवर्षी डर्बी सिटी क्लासिक भरते. तिथे बँक पूल, वन-पॉकेट आणि नाइन-बॉल अशा तिन्हींच्या स्पर्धा एकाच ठिकाणी होतात. 2014 मध्ये तिथली वन-पॉकेट स्पर्धा रेयेसने जिंकली, तेव्हा तो 59 वर्षांचा होता आणि समोर त्याच्या निम्म्या वयाची, त्याच्याहून सरळ पॉट करणारी मुलं होती.