सर्व्हर डाऊन, म्हणजे नेमके काय?

पीकविम्याची मुदत संपत आली की नांदेड-लातूरकडच्या सेवा केंद्रांवर एकच उत्तर ऐकू येते: "सर्व्हर डाऊन हाय." रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रापुढेही तेच. अवकाळी पावसाशी कुणी वाद घालत नाही, तसा या वाक्याशीही नाही. पण सर्व्हर म्हणजे कुणीतरी लिहिलेला आणि कुणीतरी चालू ठेवायचा प्रोग्राम.

हे कळायला सॉकेट प्रोग्रामिंगचा, म्हणजे दोन प्रोग्राम नेटवर्कवरून जोडण्याचा, पहिला धडा पुरतो. सर्व्हर सॉकेट उघडतो, 'बाइंड'ने पोर्ट धरतो, 'लिसन' करतो आणि 'ॲक्सेप्ट'वर वाट पाहत बसतो. सेवा मागणारा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, सॉकेट उघडून 'कनेक्ट' करतो. १९८३ च्या बर्कली युनिक्समधली ही रीत आजही जवळपास तशीच आहे.

हा धडा गिरवलेल्याला 'डाऊन' एवढ्यावर समाधान होत नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले तर बहुधा यंत्र चालू आहे, त्या पोर्टवर ऐकणारे कुणी नाही. 'टाइमआउट' झाला तर निरोप वाटेत हरवला किंवा फायरवॉलने गिळला; गावातली केबलही तुटलेली असू शकते. जोडणी झाली पण उत्तर नाही, तर मागचा डेटाबेस अडला असेल. गर्दीची गोष्ट आणखी निराळी. 'लिसन'ला एक आकडा द्यावा लागतो: 'ॲक्सेप्ट' होईपर्यंत किती जोडण्या रांगेत थांबतील. रांग भरली की लिनक्स नव्या विनंत्या सहसा गुपचूप टाकून देते, आणि क्लायंटला वाटते पलीकडे कुणी नाहीच. नुसता आकडा वाढवून भागत नाही, आत काम उरकणाऱ्या प्रोसेसही हव्यात. पण शेवटच्या तारखेला झुंबड उडणार, हे कुणाला ठाऊक नसते?

हा धडा कॉलेजात शिकवतात, पण प्रॅक्टिकलला बहुतेकदा सर्व्हर आणि क्लायंट हे दोन्ही प्रोग्राम एकाच संगणकावर, १२७.०.०.१ या पत्त्यावर चालतात. मधे केबलच नाही, मग पोरांना टाइमआउट भेटणार कुठून? स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला, त्याचे उपकेंद्र लातूरला. सर्व्हर इकडे, क्लायंट तिकडे ठेवून पाहावे. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आवाराबाहेरून गाठता येत नाही, हे लगेच कळेल. मग पोर्ट उघडून मागायला नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडे अर्ज घेऊन जावे लागेल, आणि ते आधी विचारतील: हा प्रोग्राम रात्री बंद पडला तर बघणार कोण?