मुलांचे किरणोपचार आणि न्यायाचा प्रश्न

कर्करोग झालेल्या मुलाला किरणोपचार मिळावेत, हे सर्वांनाच मान्य असते. ते किती काटेकोर असावेत, हा प्रश्न मात्र गरीब देशांत मागे पडतो. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे, असे म्हटले जाते. मुलांच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकत नाही.

मेडुलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीवर शस्त्रक्रियेनंतर मेंदू आणि पाठीच्या कण्याला साधारण ६ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस किरण देतात. गाठीच्या जागी एकूण मात्रा ५४ ग्रेच्या आसपास जाते. क्षेत्र जरा अपुरे पडले तर सुटलेल्या जागी रोग उलटतो, मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी वाढू लागतात. निरोगी भागावर जास्त मात्रा गेली तर उंची खुंटते, संप्रेरके बिघडतात, शिकणे जड जाते. आणि हे उमगते कित्येक वर्षांनंतर. प्रौढ रुग्ण धोका स्वतः पत्करतो. मुलासाठी तो आईबाप आणि डॉक्टर पत्करतात, भोगायचा मात्र मुलाने.

रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीहून खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र द्रुतगती मार्गाने फार दूर नाही. टाटा स्मारक केंद्राच्या या संस्थेत २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचारही होतात. पण दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या खालापूर-कर्जतच्या कातकरी कुटुंबाला ६ आठवडे मजुरी बुडवणे परवडत नाही, आणि उपचार अर्ध्यावर सुटतात. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडियाची केंद्रे अशा कुटुंबांची राहण्याची मोफत सोय करतात. ही सोय दयेपोटी दिलेली जोड म्हणून पाहिली जाते; खरे तर ती उपचाराच्या दर्जाचाच भाग आहे.

आजार हे प्राक्तन आहे, असे अनेक घरांत मानले जाते. ते मान्य केले तरी किरणोपचाराचा आराखडा निष्काळजीपणे आखणे हे आखणाऱ्याचे आजचे कर्म आहे. ते मुलाच्या पूर्वकर्माच्या खात्यात टाकता येत नाही. शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी सर्वांना समान मानणारा साम्ययोग मांडला. तसे सर्वांचे मोल सारखे मानले, तर कातकरी वाडीतल्या मुलासाठी घ्यायची काळजी कमी असू शकत नाही.

याचा अर्थ प्रत्येकाला प्रोटॉन मिळावा असा नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाभाट्रॉनसारख्या कोबाल्ट यंत्रावरही प्रामाणिक उपचार होतात. यंत्र साधे असणे परिस्थितीवर ढकलता येते, मात्रा न तपासणे ढकलता येत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालाने मात्रामापक पाठवून जगभरच्या यंत्रांची मात्रा पडताळतात. आराखडा पहिल्या दिवसाआधी दुसऱ्या डॉक्टरने पाहणे त्याहून स्वस्त आहे, आणि नंतर पाहून उपयोग नसतो, कारण एकदा दिलेली मात्रा काढून घेता येत नाही.